पाणी न पिणारी फरशी

दुकानदाराने दोन टाइल्स काउंटरवर पालथ्या ठेवल्या आणि बाटलीतले चार थेंब पाणी दोन्हींच्या पाठीवर टाकले. डावीकडची, लालसर पाठीची टाइल भिंतीसाठीची होती. तिच्यावरचा थेंब आमच्या डोळ्यांदेखत पसरला, त्याखालचा भाग गडद झाला आणि मिनिटभरात पाणी आत जिरून गेले. उजवीकडची टाइल पोर्सेलिनची होती, तिची पाठ पांढुरकी, करडी. आमचे दराविषयी बोलणे झाले, माप सांगून झाले, गाडीभाड्याचा विषयही निघाला, तरी तिच्यावरचा थेंब ठेवला तसाच गोल बसून होता. "ही पाणी पीत नाही," दुकानदार म्हणाले आणि फडक्याने तो थेंब टिपून घेतला. पुढच्या चार-पाच महिन्यांत घराच्या फरशीविषयी मी जे जे शिकले, ते सगळे फिरून या एका वाक्यापाशी येऊन थांबते, असे मला आज वाटते.

मी ज्या जमिनीवर रांगले ती जमीन पाणी पिणारी होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी ओसरी आणि माजघर शेणाने सारवलेले असे. दर आठवड्याला आजी आणि काकू सारवायला बसत, हाताच्या पंजाने अर्धवर्तुळे काढत मागे मागे सरकत, आणि ओली जमीन वाळेपर्यंत आम्हा मुलांना अंगणात थांबावे लागे. त्या जमिनीवर सांडलेले पाणी पुसावे लागत नसे, कारण ते जमीनच पिऊन टाकी. स्वयंपाकघरात मात्र शहाबादी फरशी होती. कर्नाटकातल्या शहाबाद गावाच्या नावाने महाराष्ट्रभर ओळखला जाणारा हा दगड म्हणजे चुनखडक. चुना आला की आंबटाशी त्याचे वैर आलेच. कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस सांडून राहिला, की तेवढ्या जागेची चमक कायमची जाई. तेलाचे डाग तर त्या दगडात इतके खोल मुरलेले होते, की आजीची बसण्याची जागा कोणती आणि तेलाची बुधली कुठे असे, हे फरशी पाहून सांगता यावे. पुढे पुण्यात वडिलांनी घर घेतले तेव्हा मोझेक आली. सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे यांची ही फरशी बसवल्यावर घासून, ऑक्झॅलिक ॲसिडने पॉलिश करून घ्यावी लागे. फरशी म्हणजे ठरावीक काळाने पॉलिश करायची वस्तू, हा समज माझ्या पिढीच्या मनात तिथूनच बसला असावा.

त्या घरात आणखी एक वस्तू होती, जी काहीही पीत नसे. ती म्हणजे लोणच्याची चिनी मातीची बरणी. मीठ, मोहरी, तेल आणि कैरीचा आंबटपणा असे सगळे झिजवणारे पदार्थ वर्षभर पोटात ठेवूनही ती धुतल्यावर पुन्हा कोरी करकरीत होई. काटेकोर अर्थाने ती बरणी पोर्सेलिनची नसते; तिची माती जाडीभरडी असते आणि राखण करतो तो तिच्यावरचा काचेसारखा लेप. पोर्सेलिनमध्ये मात्र माती स्वतःच काचेच्या जवळ पोहोचलेली असते. हा पदार्थ चीनमध्ये शेकडो वर्षे बनत होता आणि युरोपला त्याचे रहस्य काही केल्या उकलत नव्हते. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने सोने बनवण्याच्या आशेने बंदिस्त ठेवलेल्या योहान फ्रीडरिश ब्योटगर या किमयागाराला अखेर ते सापडले आणि १७१० साली माइसेन येथे युरोपातला पहिला पोर्सेलिनचा कारखाना सुरू झाला. पोर्सेलिन या शब्दाचे मूळ इटालियन भाषेतल्या कवडीच्या नावात आहे, कारण त्या भांड्यांची झिलई त्यांना कवडीच्या पाठीसारखी वाटली. आपल्याकडे ज्या कवडीला मोलाच्या खालच्या टोकाला बसवले आहे, तीच तिकडे सोन्याच्या तोलाच्या वस्तूला नाव देऊन गेली, हे मला फार आवडते.

भारतात पोर्सेलिनच्या टाइल्सचे मोठे केंद्र म्हणजे गुजरातमधले मोरबी. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरचे धरण फुटून जे गाव उद्ध्वस्त झाले होते, तेच हे मोरबी. कच्छला जाताना आम्ही तिथे एक दिवस थांबलो होतो, आणि ओळखीतून एका कारखान्यात आत जाऊन पाहता आले. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजे आणि निरनिराळ्या मातीचे ढीग आवारात वेगवेगळे पडलेले होते. ते सगळे पाण्याबरोबर मोठ्या फिरत्या पिंपांत दळले जाते, मग त्या पातळ रबडीचा गरम हवेत फवारा मारून तिची बारीक, वाहती पूड करतात आणि ती पूड प्रचंड दाबाखाली साच्यात दाबतात. दाबून निघालेली टाइल तेव्हा खडूसारखी असते, बोटाने कोपरा तुटावा इतकी कच्ची. मग ती वाळते, तिच्यावर संगमरवराचे किंवा लाकडाचे चित्र छापले जाते आणि शंभर मीटरांहून लांब असलेल्या भट्टीत फिरत्या रुळांवरून ती हळूहळू पुढे सरकत जाते. भट्टीच्या मधल्या भागात तापमान सुमारे १,२०० अंश सेल्सिअस असते. तिथे फेल्डस्पार वितळतो, कणांमधल्या पोकळ्या भरून काढतो आणि मातीचा गोळा काचेच्या जातीचा होतो. या भरण्यात टाइल आक्रसते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, लांबीत शेकडा सात-आठ इतकी. ६०० मिलिमीटरची टाइल हवी असेल तर ती साधारण ६५० मिलिमीटरची दाबावी लागते. एवढे आक्रसताना प्रत्येक टाइल नेमकी सारखी आक्रसेल, अशी अपेक्षा कुणीही करू नये. म्हणून भट्टीतून बाहेर आल्यावर कडा घासून मापात आणतात, त्यांची प्रतवारी करतात आणि खोक्यावर लॉटचा क्रमांक, शेड आणि माप छापतात. खोक्यावरच्या या तीन नोंदी आपण दुकानात वाचतच नाही. आपले डोळे खोक्यावरच्या चित्रावर असतात.

पोर्सेलिन कशाला म्हणायचे याची व्याख्याही पाण्यावरूनच केलेली आहे. टाइलच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी तिने शोषता कामा नये. आपल्या बाजारात हिलाच व्हिट्रिफाइड म्हणतात. दोन नावांमुळे गोंधळून जाण्याचे कारण नाही. अर्धा टक्का म्हणजे किती, हे मी घरी बसून काढून पाहिले. ६०० बाय ६०० मापाची, नऊ मिलिमीटर जाडीची टाइल सुमारे साडेसात किलोची भरते. तिने पोटभर पाणी प्यायले तरी ते ३८ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम अडीच मोठे चमचे असेल. भिंतीच्या सच्छिद्र टाइल्स दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात. तेवढ्याच वजनाच्या मातीत पाऊण लिटर पाणी राहील. भिंतीची टाइल 'तीही टाइलच' म्हणून जमिनीवर बसवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आम्ही फरशी बदलायला निघालो त्याचे कारण सासूबाई. त्या आता ऐंशीच्या जवळ आल्या आहेत, वॉकर घेऊन चालतात, आणि जुन्या मोझेकच्या उंचसखल सांध्यांना वॉकरचे पाय अडत. दुकानात मात्र आम्हाला पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या आरशासारख्या चकचकीत टाइल्स. दिव्याचे प्रतिबिंब पडेल अशा त्या फरशीवर उभे राहिले की घर मोठे वाटते, हे खरे आहे. पण जी फरशी पाणी पीत नाही, तिच्यावर सांडलेले पाणी वरच राहते. शेणाची जमीन ते पिऊन टाकत होती, मोझेकही थोडेफार पीत होती. इथे मात्र पाण्याचा पातळ थर पाय आणि काच यांच्या मध्ये तसाच पडून राहतो. ज्या गुणासाठी आपण ही टाइल घेतो, त्याच गुणातून तिचा सर्वांत मोठा धोका जन्मतो. घसरण मोजण्याची एक जर्मन पद्धत आहे. उतरत्या फळीवर टाइल बसवून तिला तेल लावतात, तिच्यावर माणूस चालतो आणि फळीचा उतार वाढवत नेतात. ६ ते १० अंशांपर्यंत पाय टिकला तर आर ९, १० ते १९ अंशांपर्यंत टिकला तर आर १०, अशी प्रतवारी होते. ही चाचणी बूट घालून करतात. अनवाणी, ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे. ज्या देशात माणसे घरात अनवाणी वावरतात आणि न्हाणीघरातून ओल्या पावलांनी थेट देवघराकडे जातात, तिथे ही दुसरी प्रतवारी प्रत्येक दुकानात ठळक लावलेली असायला हवी. आम्ही विचारली तेव्हा विक्रेत्याला कंपनीला फोन लावून माहिती घ्यावी लागली. कुणीच विचारत नाही, असे तो म्हणाला आणि त्याचे म्हणणे खरे असावे.

मग आम्ही मॅट टाइल्सकडे वळलो. पण मॅटमध्येही तारतम्य लागते. फार खरखरीत टाइल न्हाणीघरात योग्य. तीच दिवाणखान्यात लावली तर मळ तिच्या खाचांत अडकतो आणि पुसणाऱ्याचे फडके दर चार हातांवर अडते. म्हणून मी तीन नमुने घरी आणले. आमच्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या मावशींना म्हटले, "मावशी, या तिन्हींवर चहा, हळदीचे पाणी आणि तेल सांडून वाळू देऊ या, आणि उद्या तुम्ही पुसून बघा." त्यांनी दुसऱ्या दिवशी पुसून पाहिले आणि मधल्या नमुन्यावर बोट ठेवले. "ताई, ही घ्या. ही दिसायला सादी आहे, पण फडकं धरत नाही," त्या म्हणाल्या. फरशी रोज ज्यांच्या हाताखालून जाणार आहे त्यांचे मत दुकानात कुणी घेत नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात ते आधी आले नव्हते. आम्ही तीच घेतली.

लेप दिलेल्या टाइलची झीज मोजण्यासाठी आणखी एक प्रतवारी असते. टाइलवर पोलादी गोळ्या आणि खरपूड फिरवून किती फेऱ्यांनंतर झीज डोळ्यांना दिसते ते पाहतात. ७५० ते १,५०० फेऱ्या टिकली तर तिसरा वर्ग. १२,००० फेऱ्यांनंतरही झीज दिसली नाही आणि डागही निघाले तर पाचवा. घरातल्या खोल्यांना तिसरा वर्ग पुरतो, थेट रस्त्यावरून आत येण्याचा दरवाजा असेल तर तिथे चौथा घ्यावा. गडद आणि चकचकीत टाइलवर झीज सर्वांत आधी दिसते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हिशेब मांडताना आम्ही ७०० चौरस फूट जागा मोजली, कापाकापीसाठी दहा टक्के वाढवले, आणि १५.५ चौरस फुटांचे एक खोके धरून ५० खोकी निघाली. एका खोक्याचे वजन सुमारे ३० किलो, म्हणजे दीड टन. आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन हमालांनी दोन मजले चढून ती सगळी खोकी पाठीवरून वर आणली, तेव्हा 'थोडी जास्त मागवू, उरली तर परत करू' असे सहज बोलण्यामागे कुणाच्या पाठीचा भार असतो, ते समोर दिसले. खोकी आली तेव्हा मी प्रत्येकावरचा लॉट, शेड आणि माप वाचून पाहिले. ४७ खोकी एका लॉटची होती आणि तीन दुसऱ्याच. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नव्हता. पण दोन्हींतल्या टाइल्स खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवल्यावर एक किंचित पिवळी दिसू लागली. बसवल्यानंतर हा फरक रोज दिसला असता आणि तेव्हा कुणाकडे काही मागता आले नसते. ती तीन खोकी बदलून घेतली.

फरशी चांगली निघणे निम्मे कारखान्यावर आणि निम्मे मिस्त्रींवर अवलंबून असते, असे म्हणतात. माझ्या मते मिस्त्रींचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. याआधी आम्ही भाड्याच्या ज्या घरात राहत होतो, तिथे एप्रिलच्या एका दुपारी दिवाणखान्यातून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहिले तर मधल्या ओळीतल्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्या फरशीखाली भूत नव्हते, जिन्नही नव्हता. सांधा न ठेवता टाइल्स एकमेकींना खेटून बसवलेल्या होत्या, एवढेच. सहा मीटर लांबीच्या खोलीत वीस अंशांच्या फरकाने पोर्सेलिन जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर वाढते. पण तेवढ्यालाही जागा नसेल, आणि त्यात खालचा स्लॅब वाळत जाऊन वर्षानुवर्षे आक्रसत असेल, तर ती वाढ वरच्या दिशेने वाट काढते. शिवाय खालची पकड कच्ची असते. शहाबादी किंवा मोझेक सिमेंटच्या रबडीतले पाणी पिते, त्या पाण्याबरोबर सिमेंटही तिच्या छिद्रांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. पोर्सेलिनला छिद्रे जवळजवळ नाहीतच, तेव्हा सिमेंट तिला धरणार कुठे? नुसत्या सिमेंट-वाळूच्या मालावर ठोकून बसवलेली पोर्सेलिन टाइल काही वर्षांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला की समजावे, ती आता केवळ स्वतःच्या वजनाने तिथे पडून आहे.

या वेळी मिस्त्री मिळाले ते मूळचे राजस्थानचे, पण वीस वर्षे पुण्यात राहून उत्तम मराठी बोलणारे. दोन मिलिमीटरचा सांधा ठेवायचा म्हटल्यावर ते प्रथम नाखूश झाले. "ताई, लोकांना चिकटूनच आवडतं. सांधा दिसला की म्हणतात, मिस्त्रीला काम येत नाही." मी त्यांना एप्रिलमधल्या त्या दुपारची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग भिंतीलाही जागा सोडतो. स्कर्टिंगखाली झाकून जाईल." हे मला माहीत नव्हते, ते त्यांनी शिकवले. आणखीही एक गोष्ट त्यांनी दाखवली. टाइल पालथी करून तिच्या पाठीवर बोट फिरवले तर पांढरी पूड हाताला लागते. भट्टीतल्या रुळांना टाइल चिकटू नये म्हणून ती लावलेली असते. ओल्या स्पंजाने ती पुसून काढली नाही तर चिकटवण्याचा मसाला टाइलला न धरता त्या पुडीला धरतो. त्यांचा मदतनीस, विशीतला एक मुलगा, दिवसभर बादलीपाशी बसून एकेक टाइलची पाठ पुसत होता. टाइल्ससाठीचा पॉलिमरयुक्त मसाला दात्यांच्या थापीने जमिनीवर एकाच दिशेने ओढायचा, टाइलच्या पाठीवरही त्याचा पातळ हात द्यायचा, टाइल ठेवून किंचित हलवायची, म्हणजे रेघांमधली हवा निघून जाते. आणि दर सात-आठ टाइल्सनंतर एक उचलून खाली मसाला सगळीकडे लागला आहे का ते पाहायचे. पाणसळ त्यांच्या गुडघ्याशी कायम असे. आमच्या टाइल्स ६०० बाय १२०० च्या. मला त्या विटांसारख्या, अर्ध्यावर अर्धी अशा बसवून हव्या होत्या. त्यांनी दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या आणि मध्ये दिसणारी उजेडाची बारीक चीर दाखवली. लांब टाइल भाजताना केसभर वाकतेच. अर्ध्यावर बसवली तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खालच्या टोकाशेजारी येतो आणि पायाला ठेच लागते. एक तृतीयांश सरकवावी किंवा सरळ रेषेत लावावी. वॉकरचा विचार करून आम्ही सरळ रेषा निवडली.

मग सांधे भरण्याचा प्रश्न आला, आणि पाण्याचाच विषय पुन्हा निघाला. टाइल पाणी पीत नाही, सांधा मात्र पितो. सिमेंटच्या ग्राउटने भरलेला सांधा म्हणजे या न पिणाऱ्या फरशीवरची तहानलेली रेघ. फरशीवरचा सगळा मळ, चहा, तेल, हळद शेवटी तिथे जाऊन मुरते, आणि वर्षभरात टाइल नवी आणि सांधे काळे असे दृश्य तयार होते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात म्हणून आम्ही इपॉक्सी ग्राउट भरले. ते महाग असते, पण तेही पाणी पीत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. टाइलवर पसरलेला त्याचा पातळ थर ओला असतानाच पुसून घ्यावा लागतो. वाळला की तो धुरकट पापुद्र्यासारखा राहतो आणि मग नव्या फरशीवर कायम धूळ बसल्यासारखे वाटते. पुष्कळ घरांत 'नवीन टाइल्स पुसूनही मळकट दिसतात' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुधा हा न पुसलेला थर असतो.

राहिली रोजची निगा. ती समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण जुन्या सवयी हाताला होत्या. मोझेकवर आई पाण्यात थोडे रॉकेल टाकून पुसायची, नंतर फिनाइल आले, सणावारी पाण्यात मीठ टाकून पुसणे आले, आणि सुवासिक द्रवाचे एक टोपण सांगितले असेल तर आपण हौसेने दोन टाकतो. पिणाऱ्या फरशीत यातले काही ना काही मुरून जात असे. पोर्सेलिनमध्ये काहीच मुरत नाही, म्हणून जे जे आपण पाण्यात घालतो ते पाणी उडून गेल्यावर तिच्या अंगावर पातळ सायीसारखे साचत जाते. त्या सायीवर धूळ बसते, पावलांचे ठसे उमटतात आणि मळ निघत नाही म्हणून आपण आणखी द्रव टाकतो. आमच्याकडे पहिल्या दोन महिन्यांत हेच झाले. मग मावशी आणि मी मिळून सगळे बंद केले. आधी मऊ झाडूने कोरडा केर काढायचा, कारण चपलांबरोबर आलेली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि तो फरशीवर घासला तर लेपालाही ओरखडे काढतो. मग दोन बादल्या ठेवायच्या, एकीत स्वच्छ पाणी आणि दुसरी फडके पिळायला. पाणी कोमट असले तर उत्तम. आठवड्यातून एकदा सौम्य, आम्ल किंवा क्षार नसलेला द्रव अगदी थोडा, आणि त्यानंतर साध्या पाण्याचा एक हात. शेवटी कोरडे फडके. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरचे जड पाणी येते, ते तसेच वाळले तर पांढरे ठिपके सोडते. एवढे केल्यावर आठ-दहा दिवसांत फरशीचा मूळ रंग पुन्हा दिसू लागला. मावशींचे कामही हलके झाले, कारण दोनदा घासावे लागत होते ते एकदा पुसण्यावर आले.

डागांचे आपल्या घरांतले प्रकार ठरलेले असतात. मॅट टाइलवर हळद सांडून वाळली तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून थोड्या वेळाने पुसावी. जी पिवळी छटा उरते ती खिडकीतल्या उन्हाने काही दिवसांत फिकट होते, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सिलिंडर ठेवण्याच्या जागी गंजाचे वर्तुळ उमटते. त्याला लिंबूफुलाचे पाणी पुरते, मात्र ते सिमेंटच्या सांध्यावर जाऊ देऊ नये आणि लगेच धुऊन टाकावे. सिलिंडर ओढत नेला तर फरशीवर जी करडी रेघ उठते ती बहुतेक वेळा ओरखडा नसते. टाइल लोखंडाहून कठीण असल्याने लोखंडच तिच्यावर घासून उतरलेले असते आणि तेही त्याच उपायाने निघते. सिलिंडर उचलून न्यावा, किंवा त्याखाली चाकांची चौकट ठेवावी. रांगोळी मात्र जपून. रंग ओल्या फडक्याने पुसले तर ते सिमेंटच्या सांध्यात कायमचे बसतात. आधी कोरडीच भरून घ्यावी. शौचालय साफ करायचे ॲसिड फरशीवर ओतण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि ती मनापासून सोडून द्यावी असे मला सांगायचे आहे. पोर्सेलिन बहुतेक आम्लांना दाद देत नाही, पण सिमेंटचा सांधा त्यात फसफसून झिजतो, आणि गंज काढण्याच्या काही द्रवांत जे हायड्रोफ्लोरिक आम्ल असते ते तर काचेलाच खाते. त्याने गेलेली चमक कुठलाही पॉलिशवाला परत आणू शकत नाही.

दिवाळीच्या आधी, चकल्यांच्या गडबडीत, स्वयंपाकघरात लोखंडी खलबत्त्याचा बत्ता माझ्या हातून निसटला. टाइलच्या मध्यावर रुपयाएवढी खपली उडाली आणि तिथून एक तडा कडेपर्यंत गेला. पोर्सेलिन झिजत नाही, पण अणकुचीदार आघात तिला सोसत नाही. काचेची सगळी ताकद तिच्यात आहे तसा काचेचा हा दुबळेपणाही आहे. सुदैवाने त्याच लॉटचे एक खोके आम्ही पलंगाखाली राखून ठेवले होते. मिस्त्रींना फोन केला, ते रविवारी सकाळी आले. त्यांनी आधी चारही बाजूंचे सांधे कापून मोकळे केले, मग तडा गेलेल्या जागेपासून छिन्नीने तुकडे काढायला सुरुवात केली. तुकडे सहज निघत नव्हते. एकेक तुकडा फोडूनच काढावा लागला, आणि निघाला तो खालचा मसाला पाठीला घेऊनच. मी एक तुकडा उचलून पालथा केला. थापीच्या दात्यांच्या सरळ रेघा एकमेकींत मिसळून सपाट झालेल्या होत्या, आणि त्यात कुठेही पोकळी नव्हती, पांढऱ्या पुडीचा माग नव्हता. मिस्त्रींनीही तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि न बोलता बाजूला ठेवला. नवी टाइल बसवून झाल्यावर त्यांनी सांगितले, उद्या सकाळपर्यंत यावर पाय द्यायचा नाही. आम्ही तिच्या चारही कोपऱ्यांपलीकडे पाट उभे केले आणि त्या दिवशी सासूबाई वॉकर घेऊन त्या पाटांना वळसा घालून देवघरात गेल्या.